ओटीवरची अंगणवाडी

डोळखांबकडच्या आमच्या गावात अंगणवाडीला घर नव्हतं, म्हणून ती माझ्या ओटीवर भरायची. माझी सून अनिता तिथली सेविका. त्या साली जून लागायच्या आधी शहापूरच्या सुपरवायझर बाई सांगून गेल्या, "गेल्या वर्षी पोरं टिकली नाहीत. सोमवारी पहिल्या दिवशी मी येते. पोरं बसलेली दिसली नाहीत तर अंगणवाडी खालच्या पाड्यात, देवरामच्या घरी नेऊ."

देवरामच्या घरी! तिथं गेली की सेविकासुद्धा त्याचीच सून होणार, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ?

झालं, माझा जीव थाऱ्यावर राहिना. अनिताने ओटी सारवायला घेतली. पावसाळ्याची लाकडं मी तिथं रचली होती, ती तिने शेळ्यांच्या गोठ्यात नेली. तेवढं मी खपवून घेतलं. मग चित्रं लावली ती कुठं, तर गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"अगो, पोरं फाडतील ना! वर लाव."

"वर कोण बघणार आत्या? पोरांचे डोळे खालीच असतात."

जुन्या लुगड्याच्या बाहुल्या शिवल्या, डब्यांत चिंचोके भरून खुळखुळे केले. ही तयारी की खेळ? खरी तयारी मी केली. खालच्या पाड्यात दारोदार हिंडले. पोरांची डोकी तेलाने चोपडून पाठवा म्हणून आयांना बजावलं, आणि पोरांना, रडलात तर माझ्याशी गाठ आहे म्हणून.

शनिवारी अनिताने पोरांना नुसतं बघायला बोलावलं. मी उंबऱ्यात बसले. "हाताची घडी, तोंडावर बोट!" सगळी चिडीचूप. मला बरं वाटलं. अनिता एकेकाला नाव विचारी, तर पोरं माझ्याकडं बघत आणि ओठ आणखी मिटत. खालच्या पाड्यातल्या धाऊची नात रविना तर मला बघून ओटीवरच मुतली आणि जी किंचाळली! तिची आई तिला उचलून चालती झाली. जाताना म्हणाली, "त्यापेक्षा देवरामकडं बरं. तिथं उंबऱ्यात अशी बाय नाय बसलेली."

रात्री अनिताने ताट पुढं ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, सोमवारी तुमी माहेरी जाऊन या."

"माहेरी? तिथं भावजय मला बिनसाखरेचा चहा देते. आणि माझ्या ओटीवरून मलाच उठवतेस होय गो?"

"ओटी तुमचीच आहे. ती राखायची तर तुमी उठा."

अशी सून! रविवारी माझा राग भांड्यांवर निघाला. हंडा इकडचा तिकडं केला, तिकडचा इकडं. कोंबडीला शिव्या दिल्या. अंथरुणात पडले तर पाठ टेकेना.

सोमवारी उजाडताच गोफण घेऊन राबावर, भाताच्या रोपांच्या वाफ्यावर गेले. पेरलेल्या भातावर पाखरं बसतात, ती हाकायला. कुणी हाकललं म्हणून गेले नाय, काम होतं म्हणून गेले. सुपरवायझर बाई बांधावरूनच गेल्या. "आजी, आज शेतात?"

"मग? शेत काय तुमी राखणार?"

त्या हसून वर गेल्या. मी कान लावून बसले. घराकडून काहीच ऐकू येईना. आलीच नसतील पोरं? उठले, बसले, पुन्हा उठले. पाखरं भात टिपत होती आणि माझं ध्यानच नव्हतं. एवढ्यात रविनाचं रडं ऐकू आलं. तो गळा मी ओळखला. पाय आपोआप घराकडं वळले.

गोठ्याआडून पाहिलं. ओटी पोरांनी भरली होती. रविना जमिनीवर लोळून रडत होती आणि अनिता तिला गप्पसुद्धा करत नव्हती! शेजारी बसून नुसता चिंचोक्यांचा डबा वाजवत होती. "तोंडावर बोट!" माझ्या जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात अनिताने मला पाहिलं. तिचा हात डब्यावर थांबला.

मी ओठ चावले नि मागं फिरले. बांधापर्यंत पोचते तो मागून एकच गलका उठला, डबे, टाळ्या, आरडाओरड. रडं त्यात कुठं गेलं कळलं नाय.

उतरताना बाई माझ्याजवळ थांबल्या. "राहू दे आजी, अंगणवाडी तुमच्याच ओटीवर. पण रोज अशीच पोरं आली पाहिजेत हं."

रोज! मी एक दिवसाची गोष्ट धरून चालले होते.

घरी आले तर अनिता ओटी झाडत होती. चटईवर सगळीकडं चिंचोके. तिने माझ्याकडं पाहिलं नि केरसुणी खाली ठेवली.

मीच म्हटलं, "उद्यापास्नं माझी भाकरी सकाळीच बांधून देत जा. आणि चटणी जरा तिखट कर, शेतात अळणी जेवण उतरत नाय मला."