हिसका सोसलेला पट्टा

मित्रांनो, मी उंचावर काम करणाऱ्या माणसांचा नारिंगी सेफ्टी बेल्ट आहे. मला खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती बांधतात. माझ्या दोरीत घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. माणूस पडला की तिचे टाके उसवतात आणि पडण्याचा हिसका ती स्वतःवर घेते. हे काम एकदाच करता येते.

माझा माणूस होता कोंडीराम. वाशीमकडचा. हडपसरच्या कारखान्यांच्या छपरांवरचे पत्रे बदलायचा. मला बांधताना बायकोच्या आवाजात स्वतःलाच विचारायचा, "हुक लावला काय हो?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "लावला, सुंदरा."

एका दुपारी धुळीने झाकलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर त्याचा पाय पडला आणि पत्रा फुटला. छपरावर ताणलेल्या तारेत माझा हुक होता, म्हणून कोंडीराम खालच्या यंत्रांवर न आदळता हवेतच लोंबकळत राहिला. उतरवल्यावर तो मला छातीशी धरून रडला. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळाला.

खरे तर तो पडला त्याच दिवशी मला कापून टाकायला हवे होते. पण मुकादम दत्तप्रसादने मंडईजवळच्या एका बॅगा शिवणाऱ्याकडून माझे उसवलेले टाके जाड दोऱ्याने पक्के करून आणले. पाठीवरचे ताणलेले धागे कुणी पाहिलेच नाहीत.

"साहेब, घरची म्हणते नवा पट्टा मागा. भेटन का?" कोंडीरामने विचारले.

"अरे, हा परीक्षा पास झालेला आहे. नव्याची खात्री तुझी बायको देणार का?"

कोंडीरामला ते पटले. मला मात्र बोलता येत नव्हते.

पुढे गळती काढताना उताराच्या पत्र्यावरून त्याचा पाय घसरला. हुक लावलेला होता. त्याची काहीच चूक नव्हती. जाड दोऱ्याचे टाके उसवले नाहीत, सगळा हिसका माझ्या पाठीवर आला आणि मी फाटलो. त्याचे वजन माझ्यातून निसटून गेले. मी तारेला रिकामाच हेलकावत राहिलो.

पोलीस चौकीत सुंदराबाईला मला ओळखायला बोलावले.

"हाच का त्यांचा?" हवालदाराने विचारले.

तिने माझी शिवण चाचपली. "हाच. पण यानंच त त्यायले वाचवलं होतं ना?"

दाराशी उभ्या दत्तप्रसादची मान खाली गेली.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. पट्ट्याने एकदा माणूस झेलला की त्याच दिवशी कात्री घ्या आणि त्याचे तुकडे करा. माझे कुणी केले असते, तर कोंडीराम आज घरी असता.