ढेकर देणारा पिंजरा

सित्रा बेटावरच्या चहाच्या टपरीवर पैज लागली ती अशी: हज्जी अब्दुन्नबीच्या युक्तीनं मासे धरायचा पिंजरा समुद्राच्या तळावरून आपला आपण चालला, तर मक्कीनं शुक्रवारी नमाजानंतर मासळीबाजारात त्याच पिंजऱ्यात बसायचं. नाही चालला, तर हज्जीनं.

पिंजरा म्हणजे तारेचा घुमटच, आत माणूस उकिडवा मावेल एवढा. होता मासेमार मक्कीचाच. एसी दुरुस्त करणाऱ्या हज्जीनं पिंजऱ्याच्या डोक्यावर ट्रकची ट्यूब बांधली आणि तिच्यात घरचा आंबलेला खजुराचा पाक ओतला. पाक फसफसणार, ट्यूब फुगणार, पिंजरा वीतभर उचलला जाऊन भरतीबरोबर सरकणार. फार फुगली की झडप ढेकर देणार, पिंजरा खाली बसणार. मग पुन्हा तेच.

पाकावर तांबूस फेस, त्यात मेलेल्या मुंग्या. मक्कीनं वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे पिऊन तूच चालत सुटशील, हज्जी," तो म्हणाला, आणि टपरी हसली.

टोमणे मारायची खोडच होती त्याची. मनातून मात्र त्याला हरायचं होतं. पिंजरे ताज्या जागी हलवत राहावे लागतात, नाहीतर मासा येत नाही. आणि मक्कीची कंबर गेली होती. एक पिंजरा ओढला की दोन दिवस अंथरूण. पिंजरे स्वतः चालले नाहीत तर होडी विकायची, एवढंच उरलं होतं.

पिंजरा समुद्रात सोडला, आणि गुरुवारी दोघं होडीनं तो पाहायला गेले. पाण्यावर खूण ठेवली तर चोर पिंजरा उचलतात, म्हणून मक्की किनाऱ्यावरचा मशिदीचा मिनार आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत धरून जागा ओळखायचा. तिथं पिंजरा अडकवायला दोरीला बांधलेला आकडा टाकला. काहीच नाही. हज्जीचा चेहरा पडला. मक्कीला मात्र आशा लागली: चोरीला गेला, की चालला?

मग वारा फिरला आणि वास आला. घाणेरड्या मोज्यासारखा, आंबट. मक्की नाक पुढं करून वासाच्या मागं निघाला, आणि पार खडकाजवळ पाण्यावर बुडबुडे फुटताना दिसले.

हज्जीनं पिंजरा ओढला. आत हामूर, साफी असे मासे, आणि सडून लिबलिबीत झालेलं आमिष. खात्री करायला मक्कीनं ट्यूब दाबली. झडप उडाली आणि सगळा पाक त्याच्या तोंडात, दाढीत, नाकात. निम्मा गिळलाही गेला.

हज्जीनं त्याची दाढी हुंगली आणि मागं सरकला. "मक्की, ही तर दारू झाली रे."

मक्की होडीच्या कडेवरून ओकला. मग समुद्रानं तोंड धूत राहिला, हज्जी इस्तिगफार म्हणत अल्लाची माफी मागत राहिला.

शुक्रवारी, कितीदा न्हाऊनही वास मारत असलेला मक्की मासळीबाजारात पिंजऱ्यात उकिडवा बसला. कोळंबीवाला पदर लावावा तसा रुमाल नाकाला लावून उभा. कुणीतरी मक्कीचाच भाव विचारला. कुणी खवले आहेत का म्हणून वाकून पाहिलं, कारण बिनखवल्याचा मासा हराम म्हणून घरी नेत नाहीत.

मक्कीचं लक्ष फक्त हज्जीकडं. तारेतून बोट काढून त्यानं त्याचा सदरा ओढला. "बाकीच्या पिंजऱ्यांना ट्यूब कधी बसवतोस?"

"पाक मी ओतून टाकला. हराम आहे तो."

"मग दुसरं काहीतरी."

हज्जी घुटमळला. "माशांची आतडी पिंपात कुजवली तर वायू धरतो. पण वास..."

 मक्कीनं डोळे मिटले.

"आजच पिंप भर," तो म्हणाला, आणि उरलेला वेळ नाक धरून बसून राहिला.