बाळंतिणीची खोली

मांजर त्या सोसायटीत नवी नव्हती. बिबवेवाडीतल्या त्या जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती वर्षभर हिंडत होती. कुणी दूध घाली, कुणी चप्पल फेकून मारी. रतनरावांनी तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. त्यांना बघायला घरातच पुष्कळ होतं.

घरात सुंदराबाई होत्या. तीस वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून काढलेली ही बाई आता साबण फ्रीजमध्ये ठेवायची आणि पोळी उशीखाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा आजाराचं नाव सांगितलं तेव्हा रतनराव म्हणाले होते, "वय झालं की विसरायला होतंच." आता वयावर ढकलण्याची सोय राहिली नव्हती. उन्हाळ्यापासून त्यांनी नवऱ्याला हाक मारली नव्हती. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या त्यांच्याकडे बघत. राग नाही, ओळखही नाही.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळी दोघं मागच्या गॅलरीत चहा घेत बसले होते. घर तळमजल्यावरचं, गॅलरीचा कठडा बुटका. मांजर कठड्यावरून आत उतरली आणि उन्हाच्या पट्ट्यात आडवी झाली. सुंदराबाईंनी कप खाली ठेवला. उठून तिच्यापाशी उकिडव्या बसल्या आणि तिच्या पोटावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मांजरही हलली नाही.

"दिवस भरलेत हिचे," सुंदराबाई म्हणाल्या. "पोट खाली उतरलंय. आठवड्याच्या आत मोकळी होईल. खाट कुठली रिकामी आहे?"

रतनरावांच्या हातातलं बिस्कीट चहात विरघळून गेलं. इतकं सरळ, सुरुवात आणि शेवट असलेलं बोलणं त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. एखादा चुकीचा शब्द तोंडून गेला तर हे सगळं विस्कटेल, अशी त्यांना भीती वाटली.

"कुठली पाहिजे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोपऱ्यातली. गलक्यात नको. आणि तुम्ही बसून काय राहिलात? कपडे उकळायला टाका."

त्या दिवसापासून घरात प्रसूतिगृह सुरू झालं.

रतनराव कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून तेलाच्या पुड्यांचा रिकामा खोका घेऊन आले. सुंदराबाईंनी तो उलटासुलटा केला, वास घेतला आणि बाजूला सारला. तेलकट होता. दुसरा आणला, तो फार उथळ निघाला. तिसरा टीव्हीचा, वरच्या मजल्यावरच्यांकडून मागून आणलेला, तो मात्र पसंत पडला. त्याला एका बाजूने आत जाण्यापुरतं दार कापायला लावलं, आणि त्याचा उंबरा थोडा उंच ठेवायला लावला, म्हणजे पिल्लं घरंगळून बाहेर यायची नाहीत. मागच्या खोलीत त्यांची मुलगी आम्रपाली लग्नाआधी अभ्यास करायची त्या टेबलाखाली खोका ठेवला. आत आधी वर्तमानपत्रं, वर सुती साड्यांचे तुकडे. साड्या सुंदराबाईंच्याच, पांढऱ्या, निळ्या काठाच्या, नोकरीतल्या. रतनरावांनी त्या इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या. त्या टर्रकन फाडताना सुंदराबाईंचा हात जराही अडखळला नाही. खिडकीला जुनी चादर लावून अंधार केला. टेबलावर कापूस, बोथट कात्री, दोरा आणि चिकटपट्टी नीट ओळीत मांडली गेली.

"साहेब, हे काय चाललंय?" स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या इंदुबाईंनी विचारलं. "घरात घाण होईल. मांजरं काय, पार्किंगमध्येबी वितात."

"होऊ दे घाण," रतनराव म्हणाले. "तुम्ही ऐकलंत का, काल त्या मला काय म्हणाल्या? म्हणाल्या, वॉर्डबॉय, फरशी पुसून घे."

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला वॉर्डबॉय म्हटल्याचा एवढा आनंद कशाने व्हावा, ते इंदुबाईंना कळेना. त्या मान हलवून भांड्यांकडे वळल्या.

रविवारी आम्रपाली आली. ती वाकडला राहायची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. आई मांडी घालून कापडाच्या घड्या घालताना दिसली तशी ती दारातच थांबली. मग जवळ जाऊन म्हणाली, "आई, मी आलेय. आम्रपाली."

सुंदराबाईंनी मान वर करून तिला न्याहाळलं. "पेशंटची कोण तुम्ही? बहीण? बाहेर बाकावर बसा. बोलावलं की आत यायचं."

आम्रपाली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. रतनरावांना उलट तिचाच राग आला.

"अगं, रडतेस काय? बघ ना, किती सुधारली आहे. स्वतःहून हात धुते, वेळेवर जेवते. परवा रात्रभर शांत झोपली."

"पप्पा, ही इम्प्रूव्हमेंट नाहीये. ती तिकडेच आहे, प्रसूतिगृहात. आपण तिथे नाही आहोत."

"कुठं का असेना. आहे ना?"

आम्रपालीने डोळे पुसले. "ठीक आहे. पण एक ऐका. तिला एकटीला सोडू नका. फुल टाइम बाई बघू का? त्या कात्र्या वगैरे तिच्या हाताशी..."

"कात्री बोथट आहे. आणि मी मेलो नाही अजून."

पुण्यातल्या माणसाचं हे उत्तर. त्याच्यापुढे बोलायला जागाच नसते. आम्रपाली संध्याकाळी निघून गेली.

दोन दिवसांनी मांजर सकाळपासून खोक्यात आतबाहेर करू लागली. कापड पायांनी उकरायची, बाहेर येऊन ओरडायची, पुन्हा आत. सुंदराबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, केसांना रुमाल बांधला आणि खोक्यासमोर पाटावर जाऊन बसल्या. मग त्या जागच्या हलल्या नाहीत. "येतंय, बाई, येतंय," एवढंच अधूनमधून म्हणत. रतनराव भिंतीला पाठ लावून बसून होते. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, शाळेची रिक्षा येऊन गेली. खोलीत ओलसर, उबट वास भरला.

पहिली दोन पिल्लं मांजरीनेच मोकळी केली, चाटून कोरडी केली. तिसरं मात्र निपचित पडलं. मांजरीने त्याला एकदा नाकाने ढकललं आणि सोडून दिलं. सुंदराबाईंनी ते उचललं. तळहातावर पालथं घेऊन, डोकं खाली धरून, कोरड्या फडक्याने त्या पाठ चोळू लागल्या. न घाबरता, न थांबता. रतनरावांना वाटलं, गेलं हे. आणि त्या सुपारीएवढ्या तोंडातून बारीक आवाज निघाला.

सुंदराबाईंनी पिल्लू आईच्या पोटाशी लावलं. चौथं सहज आलं. मग त्यांनी रुमाल सोडला, कपाळावरचा घाम पुसला, मागे वळल्या आणि थेट नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "अहो, चहा टाका ना. फार दमले आज."

रतनराव स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला आणि पातेलं ठेवायचं विसरून तसेच ज्योतीकडे बघत उभे राहिले. लग्नानंतर पहिल्या दिवशी ती याच आवाजात अहो म्हणाली होती.

नोव्हेंबर संपत आला होता. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला बँकेत जाऊन द्यायचा राहिला होता. आम्रपाली म्हणाली होती, मी मोबाईलवर करून देते. रतनरावांना तसलं पटत नसे. आपण जिवंत आहोत हे आपण जाऊन दाखवावं.

इंदुबाई काम आटपून निघायच्या बेतात होत्या. "साहेब, उद्या जावा. उद्या मी थांबते. आज नातवाला दवाखान्यात न्यायचंय."

"कशाला थांबायला पाहिजे? असा गेलो, असा आलो," रतनराव म्हणाले. त्यांनी मागच्या खोलीत डोकावलं. सुंदराबाई खोक्याजवळ खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. "मी बँकेत जाऊन येतो. येऊ ना?"

"या," त्या म्हणाल्या. "मी आहे ड्युटीवर."

एवढं स्वच्छ उत्तर. रतनरावांनी दार ओढून घेतलं.

बँकेत म्हाताऱ्यांची रांग जिन्यापर्यंत आली होती. त्यांचा नंबर लागला तर यंत्र त्यांचा अंगठा घेईना. उजवा नाही, डावा नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, हात धुऊन या. धुऊन आले. क्रीम लावून पाहिलं. शेवटी तर्जनी लागली. "झालं, आजोबा, तुम्ही जिवंत," ती हसून म्हणाली. रतनरावही हसले. येताना त्यांनी मांजरीसाठी अर्धा लिटर दूध आणि सुंदराबाईंना आवडतात म्हणून खारी बिस्किटं घेतली.

दार उघडताच त्यांना ओरडणं ऐकू आलं. मांजर स्वयंपाकघरात कोंडलेली होती आणि बंद दारावर नखं ओरबाडत होती. तसला आवाज त्यांनी तिच्या कळांच्या वेळीही ऐकला नव्हता. न्हाणीघरात नळ वाहत होता.

सुंदराबाई न्हाणीघरातल्या पाटावर बसल्या होत्या. पाय सरळ लांब केलेले, नवजात बाळाला आंघोळ घालताना आया बसतात तसे. साडी गुडघ्यापर्यंत वर, चिंब ओली. शेजारी गार पाण्याची बादली. गीझर बंदच होता. बाजूला टॉवेलवर चारही पिल्लं ओळीने ठेवलेली, प्रत्येक निळ्या काठाच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेलं, तोंडाला पावडर लावलेली. बाहेर काढलेल्या एकेका पायाला, प्रसूतिगृहात बाळाच्या पायाला नावाची लावतात तशी, चिकटपट्टी होती.

"झाल्या सगळ्यांच्या आंघोळी," सुंदराबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काम वेळेत संपवल्याचं समाधान होतं. "आधी फार रडत होती. आता बघा, कशी शांत झोपलीत."

रतनरावांच्या हातातली पिशवी कधी खाली पडली ते त्यांना कळलं नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी एकेक गुंडाळी सोडली. पहिलं थंड. दुसरं थंड. तिसरं, जे त्या दिवशी सुंदराबाईंनी परत आणलं होतं, तेही थंड. चौथ्याची छाती किंचित हलत होती. त्यांनी ते शर्टाच्या आत, उघड्या अंगाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने सुंदराबाईंच्या खांद्यावर टॉवेल टाकला. त्यांचे ओठ गारठ्याने निळे पडले होते. कुणाला आधी ऊब द्यायची, हेच त्यांना काही क्षण सुचेना.

मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. मांजर त्यांच्या पायांतून सुटली, न्हाणीघरात गेली, तिन्ही पिल्लांना हुंगलं, चाटलं, पुन्हा चाटलं. रतनराव सुंदराबाईंना कोरडं करत होते, साडी बदलत होते आणि ते चाटणं कानांवर पडत होतं. चौथं पिल्लू त्यांनी खोक्यात ठेवलं. मांजर थोड्या वेळाने तिथे आली. पण बसली नाही. पिल्लाची मान तोंडात धरून गॅलरीतून कठड्यावर चढली आणि कंपाउंडपलीकडे उतरली. ते जिवंत होतं की नव्हतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. मांजर त्या सोसायटीत पुन्हा दिसली नाही.

उरलेल्या तिघांना त्यांनी संध्याकाळच्या आत इमारतीमागे, पाण्याच्या टाकीजवळच्या मातीत पुरलं. पायांवरच्या चिकटपट्ट्या काढाव्यात असं वाटलं, पण हात होईना. मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं आणि माती लोटली.

घरात आले तर सुंदराबाई रिकाम्या खोक्यापुढे उभ्या होत्या. "बाळं कुठे गेली?"

"डिस्चार्ज झाला," रतनराव म्हणाले. "घरी नेली."

"तब्येती बऱ्या होत्या ना?"

"छान होत्या."

सुंदराबाईंनी मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. रतनरावांनी पुन्हा तेच सांगितलं. त्या आठवड्यात किती वेळा सांगितलं याला सुमार नाही. पुढे पुढे विचारणंही थांबलं. रुमाल बांधणं, हात धुणं, वॉर्डबॉय म्हणून हाका मारणं, सगळं एकेक करत गेलं. कापलेला खोका इंदुबाईंनी रद्दीवाल्याला दिला. मांजरीचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. मात्र त्या दिवशी जाताना त्या दारात जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मी थांबले असते, साहेब."

"माहीत आहे," रतनराव म्हणाले.

आम्रपाली आली तेव्हा त्यांनी तिला जिन्यात नेऊन सगळं सांगितलं. कशी बसली होती, काय म्हणाली, सगळं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणेल याची त्यांनी तयारी ठेवली होती. ती तसं म्हणाली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

"तिला माहीत आहे का, पप्पा?"

"नाही. तेवढं बरं आहे."

"मग बाई बघू?"

"बघ," रतनराव म्हणाले. "लवकर बघ. मला आता संडासला जायचीही भीती वाटते."

डिसेंबरात दिवसभराची बाई आली. तोवर सुंदराबाईंनी स्वतःच्या हाताने जेवणं सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजाराचा पुढचा टप्पा आहे. हात मात्र त्या मांडीखाली दाबून बसत, कुणी ओढून काढले तर पुन्हा तिथेच ठेवत. भरवण्याचं काम रतनरावांनी त्या बाईला दिलं नाही, स्वतःकडे ठेवलं.

एका दुपारी ते वरणभात कालवून भरवत होते. सुंदराबाई बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. घास गिळला आणि म्हणाल्या, "अहो."

रतनरावांचा हात थांबला.

"माझ्या हातून काही झालं का?"

"नाही गं. काय होणार तुझ्या हातून?"

"मग ती बाई का ओरडत होती? दाराच्या आतून?"

"भूक लागली होती तिला," रतनराव म्हणाले. त्यांना त्यांचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "नंतर दूध दिलं मी."

सुंदराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नीट, ओळखून पाहिलं.

"खोटं बोलताय तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घासाला तोंड फिरवलं. त्या दिवशी त्या परत जेवल्या नाहीत.