चॅपेलमागच्या वेली

आंसेल्मला ओदिलचं पत्र ऑक्टोबरात आलं होतं. दोन घरांच्या मधे फक्त एक टेकडी. तरी पुतणीने पोस्टाने लिहिलं, कारण समोरासमोर काकाच्या तोंडून शब्द फुटत नाही हे तिला ठाऊक होतं. ‘काका, चॅपेलमागच्या म्हाताऱ्या वेली आता टोपलीभरही द्राक्षं देत नाहीत. काढून टाकाव्यात म्हणते. राखायचं काही कारण असेल तर जानेवारीत संत व्हँसाँच्या सणाआधी कळवा. नाहीतर कारण नाही असं धरेन.’

कारण होतं. मुळं खाणाऱ्या किडीने सगळा मुलूख उजाड केला तेव्हा वाळूत कीड टिकत नाही म्हणून तेवढ्या ओळी वाचल्या, असं वडिलांनी आंसेल्मला सांगितलं होतं. बाकीचा मळा परक्या खुंटांवर कलम केलेला. या वेली मात्र स्वतःच्या मुळांवर उभ्या. त्याने चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. ऐकीव गोष्ट ती. पुस्तकांत पाहावं तर असे कितीतरी दावे खोटे निघालेले. मळा आधी भावाने कसला, आता त्याची मुलगी कसते. आपण जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. वेलींतलं आपल्याला काय कळतं? सण आला नि गेला.

मार्चच्या सुरुवातीला तो टेकडी चढून गेला आणि वर पोचताच थिजला.

चॅपेलमागे काहीच नव्हतं. भिंतीपर्यंत उघडी पिवळी वाळू, आणि मधोमध उपटलेल्या बुंध्यांचा ढीग, मुळं आभाळाकडे.

“या मास्तर!” मळ्यावरचा जुना गडी गास्तों ढिगाशेजारी पाव-चीज खात बसला होता. “पुस्तक संपलं की वाट चुकलात?”

आंसेल्मने एक बुंधा उचलून अंगठ्याने माती खरवडली. मग दुसरा. मग तिसरा.

ओदिल ट्रॅक्टरवरून उतरून आली. “काय शोधताय, काका?”

“कलमाची गाठ.”

“असणारच की. प्रत्येक वेलीला असते.”

गास्तोंने पाव खाली ठेवला, बुंधा हातात घेऊन फिरवला, पुन्हा फिरवला. “पोरी,” त्याचा आवाज खाली आला, “गाठच नाही गं.”

ओदिलचा चेहरा पांढराफटक पडला. “काका, तुम्हाला माहीत होतं?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“एक ओळ लिहायची होती. एक ओळ!” ती तडक घराकडे चालू लागली.

“आता काय उपयोग,” गास्तों उठत पुटपुटला. “वेलींच्या काड्या तेवढ्या कामी आल्या म्हणायच्या. उपटायच्या आधी छाटल्या, आणि मोळी नेहमीसारखी तुमच्या दारात टाकली. मेंढीच्या बरगड्या भाजायला.”

रविवारी आंसेल्मने त्याच काड्यांच्या निखाऱ्यांवर बरगड्या भाजल्या होत्या. वर पावाने ताटली पुसून घेतली होती.

तो टेकडी जवळजवळ धावतच उतरला. तळघराच्या ओल्या कोपऱ्यात अर्धी मोळी उरली होती. नखाने त्याने एक काडी खरवडली. आत हिरवं.

काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तो टेबलाशी बसला. पुन्हा वर जाऊन तिच्यासमोर उभं राहायचा धीर नव्हता.

‘ओदिल, कारण होतं. भीतीपोटी लिहिलं नाही. अर्धी मोळी मी चुलीत घातली, अर्धी जिवंत आहे. काड्या रुजतील असं वाटतं, चुकतही असेन. वाळूत दुसरं काही लावू नकोस. लावायला मी येतो.’

त्याने पत्र दुसऱ्यांदा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. अंगात कोट न घालताच तो कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपर्यंत गेला आणि पाकीट आत सोडलं.