तिसरा पुकारा

"आता कापू नकोस तो," तो म्हणाला. "चांगली पळाली की गाडी. कशाला उगाच खोड काढतेस?"

तिनं मान वर केली नाही. सरावाच्या फेरीनंतर गाडीचा ऑइल फिल्टर काढून तिनं नवा बसवला होता. जुना डबा गुडघ्यांत धरून ती पत्र्याच्या कात्रीनं त्याची कड उलगडत होती. करवतीनं काम पटकन झालं असतं, पण करवतीचा कीस आत पडला असता आणि मग इंजिनातून काय आलं आणि करवतीतून काय, ते कळलं नसतं. आतला घड्याघड्यांचा कागद तिनं बाहेर काढला, पिळला आणि उन्हात धरला.

घड्यांत चमक होती.

तिनं खिशातला चुंबक कागदावरून फिरवला. एकही कण चिकटला नाही, म्हणजे लोखंड नव्हतं. एक कण तिनं नखावर घेतला. तांब्याचा रंग.

"काय आहे?" तो आता जवळ आला होता. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"बेअरिंग चाललंय."

"कुठलं?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? पिस्टनच्या दांड्याचं असणार. वरचा थर गेलाय, खालचं तांबं यायला लागलंय."

रस्त्याच्या कडेच्या त्या मोकळ्या जागेत ओळीनं गाड्या उभ्या होत्या. कुणी चाकं बदलत होतं, कुणी नुसतंच इंजिन घुमवत होतं. घाटाची शर्यत दुपारी सुरू व्हायची होती. एकेक गाडी एकटीच सुटणार, वळणावळणानं वर जाणार आणि माथ्यावर तिची वेळ लिहिली जाणार. ही शेवटचीच शर्यत होती. डोंगराखालून बोगदा खणून होत आला होता आणि जुना रस्ता कायमचा बंद होणार होता.

त्याची आई जरा पलीकडे, गाडीच्या सावलीत घडीच्या स्टुलावर बसली होती. ती दोघांच्या तोंडांकडे पाहत होती.

बेकरीचा माल पोचवणाऱ्या गाडीवर तो ड्रायव्हर होता. पहाटे निघायचं, पाव टाकत हिंडायचं. शर्यतीत तो आजवर उतरला तो दुसऱ्यांच्या गाड्यांमधून, आणि तेही कुणाचा ड्रायव्हर ऐनवेळी आजारी पडला तर. ती इंजिनं बोअर करणाऱ्या वर्कशॉपात मशीनवर होती. लग्नाआधी तो तिच्याकडे इंजिनाचा एक फुटलेला ब्लॉक घेऊन आला होता. तिनं बोट फिरवून सांगितलं होतं, "हा गेला. याला आता बागेत ठेवा, कुंडी म्हणून." तो हसला होता आणि दुसऱ्या दिवशी काही कारण नसताना परत आला होता. तेव्हापासून तो तिला उस्ताद म्हणायचा. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

हे इंजिन त्यांनी दोन वर्षं बांधलं होतं. ब्लॉक भंगारातल्या एका मालवाहू गाडीचा. कार्बोरेटर दोन वेगवेगळ्या मोटारसायकलींचे. त्यांना एका सुरात आणताना तिचे कान किटले होते. पिस्टनचे दांडे तिनं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलले होते आणि जड असेल तो घासून घासून हलक्याच्या बरोबरीला आणला होता. हवा आत जाण्याच्या वाटा हातानं, कानशीनं मोठ्या केल्या होत्या. भाड्याच्या शेडला कुलूप नव्हतं, म्हणून इंजिन राहायचं घरात, ओट्याशेजारी स्टँडवर. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या, "दुसरी सून आणलीय की काय घरात? हिला तर काम सांगायचीही सोय नाही." पण फोडणी टाकताना तेल उडू नये म्हणून त्यावर आपली जुनी चादर पांघरायच्या त्याच.

ऐपत बेताची, तेव्हा दोघांनी एक नियम केला होता: जे फिरतं ते नवं घ्यायचं, जे जागेवर बसतं ते जुनं चालेल. बेअरिंग नवी होती, दांड्यांचे बोल्ट नवे होते. नियम एकदाच मोडला. ऑइल पंप जुनाच ठेवला, कारण टायरही टक्कल पडलेले होते आणि दोन्ही एकदम झेपणारं नव्हतं. "टायर की पंप?" त्यानं विचारलं होतं. तिनं पंप उघडून मापला होता. झीज मर्यादेच्या आत होती, पण अगदी काठावर. "चालेल," ती म्हणाली होती.

तो शब्द आता तिला आठवला. पंप म्हातारा. वेग वाढला की त्याला तेल पुरवता येत नसणार, आणि बेअरिंग कोरडं पडत असणार.

"एकच फेरी आहे," तो म्हणाला. आवाज त्यानं मुद्दाम खाली ठेवला होता. "फक्त एक. वर पोचलं की मग पडू दे तुकडे."

"आणि मध्येच पडले तर?"

"नाही पडणार. तुझं काम आहे ते."

"माझं काम आहे म्हणूनच सांगतेय. दांडा क्रँकला धरला की इंजिन जागेवर आवळतं. मागची चाकं थांबतात. वरच्या वळणांवर चाकं थांबली तर गाडी कुठं जाते ते तुला माहितीय."

"मी सांभाळून नेतो."

"सांभाळून नेशील तू? तू?"

त्याला हसू आलं असतं एरवी. आता आलं नाही. त्यानं हेल्मेट टपावर ठेवलं. "हे बघ, मी सकाळी सगळ्यांपेक्षा कमी वेळात वर गेलोय. वर्षानुवर्षं मी पाव वाटतोय. आजच्या दिवसानंतर हा रस्ताच नाही. पुढच्या वेळी म्हणायची सोय नाही. आणि तू मला तांब्याची धूळ दाखवतेस?"

"दाखवणारच."

"गप्प राहिली असतीस तर?"

"तर मी तुझ्यासोबत राहिले असते कशी?"

तो वळला आणि ड्रायव्हरांच्या बैठकीला, पलीकडच्या तंबूकडे निघून गेला. पाठ ताठ होती. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तंबूच्या दाराशी दोघातिघांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "आज तुझाच दिवस, पाववाले!" आणि तो हसला. खरंच हसला.

तिला वाटलं, जाऊ दे. कदाचित पोचेल. वर्कशॉपात तिनं याहून वाईट बेअरिंगवर शेकडो मैल धावलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. आणि याहून बऱ्या बेअरिंगवर फुटलेलीही इंजिनं पाहिली होती, ब्लॉकमधून दांडा बाहेर आलेली, हात घातला तर आरपार जाईल अशी. कुठलं कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. हाच तर सगळा जाच होता.

तिनं बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा अंगठ्यानं सोडल्या, टोपी बाजूला केली आणि आतला रोटर ओढून काढला. अंगठ्याएवढाच तो तुकडा, पण प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा. तो नसला की इंजिन नुसतं खोकतं, पेट घेत नाही. टोपी परत बसवून तिनं बॉनेट लावलं आणि मागं पाहिलं.

सासूबाई स्टुलावरून तिच्याकडेच बघत होत्या.

"काय काढलंस?"

"रोटर."

"मग आता गाडी सुरू होईल का?"

"नाही."

म्हातारीनं आपल्या हाताच्या शिरांकडे पाहिलं. "तो तुला माफ करायचा नाही," त्या म्हणाल्या.

"माहितीय."

"मी काही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि स्टूल उचलून दुसऱ्या बाजूच्या सावलीत जाऊन बसल्या. पण तिथून त्यांना सगळं दिसत होतं.

त्याच्या नंबरचा पहिला पुकारा झाला तेव्हा तो पट्टे आवळून बसलेला होता. त्यानं चावी फिरवली. इंजिन घुमलं, खोकलं. पुन्हा. पुन्हा. शेजारच्या गाड्यांचे लोक वळून बघू लागले. तो पट्टे सोडून उतरला, बॉनेट उघडलं, वायरी चाचपल्या, आणि मग डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली.

तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू सरळ झाला. ती पुढच्या चाकाशी उभी होती. उजवी मूठ मिटलेली.

"दे."

"नाही."

"दे म्हणतो."

"ओढून घे. तुझ्या हातात ताकद आहे. घे आणि जा."

त्यानं हात पुढं केला. तळवा उघडा, तिच्या मुठीखाली. दुसरा पुकारा झाला. लाऊडस्पीकरवर त्याचा नंबर दोनदा घुमला. नियम सगळ्यांना माहीत होता, तिसऱ्या पुकाऱ्याला गाडी रेषेवर नसेल तर बाद.

"सगळे बघताहेत," तो दातांतून म्हणाला. "माझं हसं करतेस."

"करते."

"का?"

"कारण पंप मीच पास केला होता. 'चालेल' मीच म्हटलं होतं. त्याच्यावर मी तुला वर पाठवणार नाही."

तेवढ्यात पलीकडच्या लाल गाडीचा मालक धावत आला. त्याच वर्गात उतरलेला, सकाळी दुसरा आलेला. भला माणूस. "काय झालं, रोटर गेला काय? अरे थांब, माझ्याकडे जादाचा आहे." तो पळत गेला आणि पळत आला, आणि त्याच्या उघड्या तळव्यावर त्यानं एक नवाकोरा रोटर ठेवला. "घाल पटकन! तिसरा पुकारा व्हायचाय अजून."

आता तिच्या मुठीला काही अर्थ उरला नव्हता. लाल गाडीचं इंजिन आणि त्यांचं इंजिन एकाच कंपनीचं होतं, डिस्ट्रिब्युटर एकच, रोटर एकच. डोळे मिटून बसवावा असा. तिनं पाय मागं घेतला आणि त्याला वाट करून दिली.

तो वाकला. रोटर त्यानं डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर टेकवला. दाबायचा तेवढा बाकी होता. तिला त्याची मान दिसत होती, कानामागची घामाची रेघ दिसत होती. पलीकडे सासूबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात गाडीला टेकवून.

लाऊडस्पीकर खरखरला.

तो सरळ झाला. "नाही बसत हा," तो म्हणाला. "याची खाच वेगळी आहे."

"वेगळी कशी असेल? दाखव—"

"वेगळी आहे," म्हणत त्यानं रोटर लाल गाडीवाल्याच्या हातात परत ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. "तू जा. तुझा नंबर पुढचाच आहे ना? नीट जा. दुसऱ्या वळणावर खडी आलीय, उजवीकडून घे."

तिसरा पुकारा झाला. तिनं, त्यानं आणि सासूबाईंनी तो उभ्याउभ्या ऐकला.

लाल गाडी वर गेली. आवाज वळणावळणाला बारीक होत गेला, मधे डोंगराआड बुडाला, पुन्हा वर आला. ती त्या आवाजातून वेग मोजत होती आणि तोही मोजत होता, आणि दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. संध्याकाळी निकाल लागला. लाल गाडीची वेळ त्याच्या सकाळच्या वेळेहून जास्त होती, तरी ती पहिली आली. तो स्वतः जाऊन लाल गाडीवाल्याशी हात मिळवून आला.

गाडी दोरानं ओढून घरी आणावी लागली. त्यानंतर घरात बोलणं झालं ते मिठाचं, पाण्याचं, दाराच्या कडीचं. कुणी शर्यतीचं विचारलं की तो म्हणे, "ऐनवेळी ठिणगी गेली," आणि पावांचे क्रेट उचलू लागे. तिचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही, ना रागानं ना मायेनं.

सुट्टीच्या दिवशी तिनं इंजिन उतरवलं. मदतीला त्याला हाक मारली नाही. पण कप्पीची साखळी ओढायची वेळ आली तेव्हा तो दारात उभा होता; त्यानं साखळी हातात घेतली. घरात ओट्याशेजारच्या स्टँडवर इंजिन उलटं केलं, तिनं खालचं तेलाचं भांडं काढलं आणि दांड्यांच्या टोप्या एकेक करून सोडल्या. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरी हातात आली तेव्हा तिनं ती त्याच्यापुढं धरली.

बेअरिंगची वाटी अर्ध्याहून अधिक तांबडी झाली होती. एका कडेला ती आपल्या जागेवरून सरकायला लागली होती. क्रँकवर, म्हणजे दांडे ज्याला फिरवतात त्या जाड शाफ्टवर, जिथं ती वाटी फिरत होती, तिथं निळसर जळका पट्टा उमटला होता.

त्यानं पट्ट्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"पोचलो असतो वर?" त्यानं विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. दोन्ही बाजूंनी.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

त्यानं मान हलवली. बराच वेळ तो ती वाटी उजेडात फिरवत राहिला. ओट्याशी सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि त्या खोलीबाहेर गेल्या.

मग त्यानं बाह्या वर सारल्या. क्रँक ब्लॉकमधून बाहेर घ्यायला तिला हात दिला, तो परातीत ठेवून रॉकेलनं धुतला. तेलाचं एकेक भोक वात घालून पुसलं. फडक्याला तेल लावून जळक्या पट्ट्यासकट सगळा क्रँक त्यानं गुंडाळला. ती तो जमिनीवर ठेवायला गेली, तेव्हा त्यानं तिचा हात धरून थांबवलं.

"आडवा नको," तो म्हणाला. "आडवा राहिला तर वाकतो."

हे तिला शिकवायची गरज नव्हती. तिनं क्रँक त्याच्या हाती दिला. त्यानं क्रँक कोपऱ्यात उभा केला, पडू नये म्हणून सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि हात धुवायला निघून गेला.