मम्मीपुरता बॉयलर

"टॉर्च इकडं धर गं, गोरेट्टी. छपराला काय दाखवतेस? छपराला काही झालेलं नाही."

पॅकी मॅकगर्कचं डोकं आणि खांदे बॉयलरच्या पोटात होते, उरलेला पॅकी बाहेर गुडघ्यांवर. घराच्या मागच्या भिंतीला चिकटून बांधलेली ती पत्र्याची खोली, बाहेर रात्रीच्या गारठ्यानं पांढरं पडलेलं अंगण. गोरेट्टीला पायाची बोटं आपलीच आहेत की शेजाऱ्याची, हे कळेनासं झालं होतं.

"गेला," पॅकी बाहेर येत म्हणाला.

"अरे, मागच्या आठवड्यात लाथ घातली तर चालू झाला की."

"लाथ घातली तर मेलेलं गाढवही हलतं. आतली टाकी गंजून चाळणी झालीय, बघ कसं गळतंय. तीस वर्षं रॉकेल पिऊन घर तापवलं बिचाऱ्यानं. आता नवा घ्या."

"कुठला?"

इथं पॅकीनं टोपी काढून डोकं खाजवलं. डोकं खाजवलं म्हणजे तो दोन्ही बाजूंनी बोलणार, हे अख्ख्या ड्रमहर्ली गावाला ठाऊक होतं.

"एक आहे स्वस्तातला. दोन वर्षांची हमी, सात-आठ वर्षं रडतखडत चालेल. दुसरा आहे चांगला. आतली टाकी न गंजणारी, दहा वर्षांची हमी, आणि दरवर्षी साफसफाई केली तर पंचवीस वर्षं मरण नाही. भाग सगळे कॅव्हनला मिळतात. रॉकेलही कमी पितो. तसा तो जरा महाग आहे."

"तू कुठला घेशील?"

"मी? मी काय बाई, मी दोन्ही बसवतो."

गोरेट्टीनं टॉर्च त्याच्या तोंडावर मारला. "परमेश्वर कणे वाटत होता तेव्हा तू रांगेत नव्हतास का रे?"

स्वयंपाकघरात टेसी मॅगव्हर्न, म्हणजे गोरेट्टीची मम्मी, चर्चला घालायची टोपी डोक्यावर घालून चुलीशी बसली होती. वय एकोणनव्वद, कंबरेत लोखंडी सळई, जीभ मात्र कोरी करकरीत. चुलीत टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या मातीच्या, वाळक्या विटा धुमसत होत्या. एवढी एक खोली सोडली तर बाकी घर थडग्यासारखं गार.

"काय म्हणतो पॅकी?"

"नवा घ्यायला लागेल म्हणतो. चांगला घेऊ या मम्मी, एकदाच काय तो."

"एंडाला विचार. घर त्याचं आहे."

झालं. आजवर या घरात बादली जरी फुटली तरी एंडाला विचारायचं. म्हाताऱ्या बापानं मरायच्या आधी घर आणि कुरण धाकट्या एंडाच्या नावावर केलं. बायकोला जिवंत असेपर्यंत राहायचा हक्क ठेवला, आणि थोरल्या मुलीला काय ठेवलं? "गोरेट्टी काय, आपलीच आहे," असं म्हणाला होता. आपलं असणाऱ्याला कुणी काही लिहून देत नाही. गोरेट्टी तेव्हा कॅव्हनच्या शिवणकारखान्यात वीस बायांवर मुकादम होती. मम्मीची कंबर मोडली आणि ती "दोन महिन्यांसाठी" घरी आली. त्या दोन महिन्यांत तिचे केस पांढरे झाले. आयर्लंडात साप नाहीत असं सगळे छाती फुगवून सांगतात. नसतील. आयत्या बिळावरचे नागोबा मात्र घरोघर आहेत, आणि नाताळला ते केक घेऊन येतात.

डब्लिनहून एंडा फोनवर म्हणाला, "घाई करू नकोस गं. मी बघतो इंटरनेटवर."

"तू बघ. मी तोवर मम्मीला ओव्हनमध्ये ठेवते."

"तुझं हे असं असतं! अगं, आता रॉकेल जाळतं कोण? बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारा, विजेवर चालणारा पंप बसवतात, सरकार पैसे देतं."

"सरकार तुझ्या भिंतीही नव्या बांधून देणार आहे का? तो पंप बसवायचा तर आधी हे भोकांचं घर बुजवायला पाहिजे. सहा महिने लागतील. मम्मीनं आज अंघोळ कशानं करायची ते सांग."

"मी शनिवारी येतो," एंडा म्हणाला. हे तो गरुडासारखं म्हणतो, म्हणजे आता येऊन सगळं पंखांखाली घेणार.

शनिवारपर्यंत गोरेट्टी केटल उकळून बादल्या वाहत होती. शेजारची कॉन्सेप्टा म्हणाली, जर्मन घे. चर्चच्या फादरांनी सांगितलं की आमचा त्याच कंपनीचा आहे आणि तो कधीच चालत नाही, पण सहनशक्ती वाढते. दुकानातला पोरगा म्हणाला, फोनवरून चालणारा घ्या. ज्याला त्याला मत होतं. बादली उचलायला हात मात्र एकालाही नव्हता.

एंडा आला तो एक विजेची शेगडी आणि मऊ बिस्किटांचा डबा घेऊन. त्यानं पॅकीलाही बोलावून घेतलं होतं. गोरेट्टीनं चहा केला, हॅमचे सँडविच कापले, सोडा ब्रेडला लोणी लावलं. मम्मी चुलीशी डोळे मिटून बसली होती. कानातलं यंत्र बशीत काढून ठेवलेलं.

"पॅकी, तो फोनवरचा मिळेल का? म्हणजे मी डब्लिनहून बघू शकेन, किती जळतंय ते."

"मिळेल. पण मी म्हणतो, बटण भिंतीवर बरं. घरातल्या माणसाच्या हाताशी."

"आणि पंचवीस वर्षांचा घ्यायचं काय खूळ आहे हे?"

"खूळ माझं आहे," गोरेट्टी म्हणाली. "सात वर्षांनी पुन्हा मला टॉर्च धरायचा नाही."

एंडानं चुलीकडं एक नजर टाकली, बशीतलं यंत्र पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, डोकं लावून विचार कर ना. स्वस्तातला घेऊ. सात-आठ वर्षं म्हणजे... मम्मीपुरता पुरेल."

पॅकीनं सँडविचमध्ये डोळे घातले.

या मुलखात म्हातारी माणसं हे स्वतःच बोलतात. नवा कोट घेतला की म्हणतात, हा मला पुरेल. हसत म्हणतात, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही. पण ते ज्याचं त्यानं म्हणायचं असतं. दुसऱ्यानं मोजायला घेतलं की तो शिंपी राहत नाही, शवपेटीचा सुतार होतो.

गोरेट्टीला मात्र वाईट वाटलं ते मम्मीसाठी नव्हे. "मम्मीपुरता," ती म्हणाली. "आणि मी काय करते इथं, एंडा? मी काय तुझ्या टपालाची वाट बघत फाटकात उभी आहे?"

"तसं नाही गं. तुझं आपण बघूच नंतर. एखादा छोटा फ्लॅट वगैरे, गावात..."

"नंतर म्हणजे कधी? मम्मी पुरल्यावर?"

"तू प्रत्येक गोष्टीचा तमाशा का करतेस? बॉयलरचं बोलतोय मी!"

"मीही बॉयलरचंच बोलतेय."

चुलीपाशी टोपी हलली.

"पॅकी," मम्मी डोळे न उघडताच म्हणाली, "हिला पुरेल असा कुठला?"

केटलचं झाकण तेवढं थडथडत होतं.

"कोणाला, टेसीबाई?"

"बहिरी मी आहे की तू? गोरेट्टीला. एकसष्टची आहे. आमच्याकडच्या बायका लवकर मरत नाहीत, हे एंडाला आता कळलंच असेल."

"मम्मी, मला तसं म्हणायचं..."

"तो महागातला, पंचवीसवाला, हिला पुरेल," पॅकी म्हणाला आणि आपण एक बाजू घेतली याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"मग तो बसव. पोस्टात माझ्या मातीचे पैसे आहेत, त्यातून घे. आणि एंडा, पेटी स्वस्तातली आण. फळ्यांची. तेवढी मला पुरेल." मग ती तशाच आवाजात म्हणाली, "गोरेट्टी, दार लाव. सगळी ऊब चाललीय."

गोरेट्टीनं दार लावलं. आयुष्यभरात आईनं तिच्या बाजूनं काढलेलं हे पहिलं वाक्य, आणि त्याच्या शेपटाला दार लावायचं काम. रडावं की हसावं तिला कळेना, म्हणून तिनं कप विसळले.

बॉयलर बसला. त्याच्या पाइपातून धूर काळा येत नसे. वाफेचा पांढरा, ओला, गार तुरा येई, आणि गारठ्याच्या सकाळी तो घराच्या कडेला कोंबड्याच्या शेपटासारखा उभा राही. वळणावरून सगळ्यांना दिसे. कॉन्सेप्टा म्हणायची, "आज उशिरा उठलात गं बायांनो, तुरा दिसला नाही." मम्मी महिनाभर कुरकुरली की फार उकडतं, आणि टोपी मात्र काढली नाही.

नोव्हेंबरात ती झोपेतच गेली. रीतीप्रमाणं तिला दोन रात्री घरात ठेवलं. अख्खं गाव आलं. लोकांनी कोट काढून खाटेवर टाकले, कारण घर खरंच उबदार होतं. एंडानं पेटी आणली ती शिसवी रंगाची, पितळी कड्यांची. स्वस्तातली आणायची त्याची छाती झाली नाही, लोक बघत होते. तो भिंतीवरच्या तापलेल्या रेडिएटरला पाठ लावून उभा राहिला आणि मालमत्तेची खरेदी-विक्री करणाऱ्या एका चुलतभावाला म्हणाला, "हीटिंग सगळं नवं आहे हं."

हे गोरेट्टीनं ऐकलं. हातात सँडविचचं ताट होतं, ती पुढं गेली.

मातीनंतर, जेवणं झाल्यावर, लोक पांगले. पॅकी जाताना फक्त एवढंच बोलला, "जानेवारीत येतो गं साफसफाईला." ती "ये" म्हणाली. मग एंडानं बॅग गाडीत टाकली. बहिणीच्या खांद्यावर थोपटलं. "मार्चपर्यंत काही घाई नाही," तो म्हणाला. "तू सावकाश आवर." अंगावर ॲप्रन, हातात ओलं फडकं, ती त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. निघता निघता सवयीनं त्याचा हात दाराजवळच्या भिंतीकडं गेला. खट्ट.

"उगाच कशाला जाळायचं," तो म्हणाला. "घरात आता कुणी नाही."

मागं पत्र्याच्या खोलीत बॉयलर एक दम सोडून गप्प झाला.

गाडीचे दिवे फाटकातून बाहेर पडले, वळणावर लाल झाले, गेले. गोरेट्टी तशीच उभी होती. मग तिनं फडक्याला हात पुसले. भिंतीवरचं बटण वर केलं. मम्मीच्या खोलीचं दार उघडलं, रिकाम्या पलंगाजवळच्या रेडिएटरची चावी पूर्ण सोडली. मग बैठकीची. मग माडीवरच्या दोन खोल्यांची, जिथं वर्षानुवर्षं कुणी झोपलं नव्हतं.

समोरच्या घरात कॉन्सेप्टा पडदा ओढायला खिडकीशी आली होती. मॅगव्हर्नांच्या घराच्या कडेला, उरल्यासुरल्या उजेडात, पांढरा तुरा उभा राहत होता. तिनं पडदा तसाच सोडला आणि चुलीवर एक कप जास्तीचं पाणी चढवलं.