रिकामी वाटी

"चावी शोधा, दार उघडा. शिळा झालाय ताई हा प्रकार," धाकटा बजरंग जांभई देत म्हणाला. चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचा तो गेम अक्षदानं दोन वर्षं खपून केला होता, अगदी त्यांच्या ढोकीसारखं गाव रंगवून. आता द्वारकाकाकूही कंटाळल्या तर पुसूनच टाकायचा, असं ठरवून तिनं माउस त्यांच्या हाती दिला.

काकूंनी गेममधल्या शेजारणीकडून वाटीत विरजण आणलं, दही लावलं. आता वाटी परत केली की चावी मिळणार होती. पण काकू वाटी देईनात. चुलीवर क्लिक, शिंक्यावर क्लिक, कोंबडीवरसुद्धा क्लिक!

"काकू, द्या की वाटी!"

"रिकामी? शेजारीण काय म्हणंल गं? गूळ कुठं ठेवलायस?"

"गूळ चित्रात काढलाच नाही मी."

"उसाच्या गावात गूळ न्हाय? सरक, म्या शोधते."

बजरंग कधीच जवळ सरकला होता. "काकू, त्या मडक्यात बघा!"

अक्षदाचं हसू चुलीवरच्या दुधासारखं उतू गेलं. तिनं वही ओढली अन् लिहिलं, 'मडक्यात गूळ.' मग ते खोडून लिहिलं, 'गूळ गावभर शोधायला लावायचा.'